लेकरू चालायला लागतंय : घराची आणि घरच्यांची तयारी

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. आमची मुलगी अकरा महिन्यांची आहे. बायको सध्या माहेरी औशाला आहे, अक्षय्य तृतीयेनंतर दोघी इकडं येतील. आता धरून उभी राहते, दोन पावलं टाकते आणि बसते, असं रोज फोनवर कळतं. जूनमध्ये बायकोची शाळा सुरू होईल, मी बँकेत असतो. म्हणजे दिवसभर लेक माझ्या आई-बाबांपाशी. आईचे गुडघे दुखतात, लेकराच्या मागं पळणं तिला जमणार नाही.

माझ्या हाताशी महिनाभराचा वेळ आहे. काय विकत आणू यापेक्षा घरात काय बदलू, हे विचारायचंय. ज्या याद्या वाचायला मिळतात त्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या असतात. आमचं घर जुनं आहे. मध्ये अंगण, एका अंगाला न्हाणी, गच्चीवर जायला कठडा नसलेला जिना. आणि नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्यामुळं जिकडं बघाल तिकडं पाणी भरून ठेवलेलं.

गोदाकाठ (नांदेड)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, बाकीचं नंतर.

बुडण्याचं प्रमाण जगभर सगळ्यात जास्त १ ते ४ वर्षांच्या मुलांत आहे, आणि त्यासाठी विहीर किंवा तळं लागत नाही. या वयात अंगाच्या मानानं डोकं जड असतं. लेकरू बादलीचा काठ धरून आत वाकतं, तोल जातो, डोकं खाली आणि पाय वर होतात, आणि स्वतःला वर ओढायचं बळ हातांत नसतं. चार बोटं पाणी पुरतं. आवाजही होत नाही. शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून ‘आम्ही लक्ष ठेवू’ यावर भिस्त ठेवू नका. गुडघे दुखणाऱ्या आजीवर तर नाहीच. झाकण, कडी आणि रिकामी असेल ती बादली पालथी, एवढ्यावर भिस्त ठेवा.

दुसरं, घरातल्या प्रत्येकानं शिकून घ्यावं असं. पाण्यातून काढलेल्या लेकराला उलटं धरून फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर सपाट जागी पाठीवर निजवून लगेच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब सुरू करायचे, दुसऱ्यानं १०८ लावायचा. हे वाचून हातात बसत नाही. जवळच्या दवाखान्यात विचारा, बाहुलीवर करून दाखवतात. आईंनाही सोबत न्या.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टर, धन्यवाद. आज सगळं मोजायला बसलो. अंगणात जमिनीतला हौद आहे, त्यावर पत्रा नुसता टेकवलेला. न्हाणीत दोन निळे पिंप. स्वयंपाकघरात रांजण आणि घागरी. शिवाय नळाच्या दिवशी टप, बादल्या, पातेली, जे सापडेल ते भरतो.

आईला बादली पालथी घाला म्हणणं अवघड जातंय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तिनं हे घर तांब्या-तांब्यानं चालवलंय. भरलेली बादली तिच्यासाठी उद्याचा दिवस आहे. तिचं चुकतंय असं मला म्हणायचंही नाही.

मोंढ्यातला (जालना)

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. हौदाचं सांगतो. पत्रा ठेवू नका. पत्र्यावर लेकरू चढलं की तो वाकतो किंवा सरकतो, उघड्या हौदापेक्षा वाईट. हौदाच्या तोंडाला अँगलची चौकट सिमेंटमध्ये बसवून घ्या, वर बिजागरीचं झाकण, मोठ्या माणसाचं वजन पेलेल असं, आणि कडीकोयंड्याला कुलूप. झाकणाचा एक भाग छोटा वेगळा उघडणारा ठेवला तर मोटारीचा पाईप तेवढ्यातून जातो, अख्खं झाकण उघडावं लागत नाही. लोक झाकण करतात आणि पाईपसाठी ते कायम अर्धं उघडं राहतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पिंप घेताना रिंग आवळायचं झाकण असलेले घ्या. आणि आईंना असं सांगून बघा: पाणी कमी करायचं नाही, फक्त उघड्या भांड्यात ठेवायचं नाही. बादलीतलं उरलेलं सांजच्याला पिंपात. एक पिंप जास्त घ्यावा लागेल, तेवढा घ्या. न्हाणीच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी लावा.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करा, उभ्या गजांचा. आडव्या पट्ट्यांची लेकरं शिडी करतात. दोन गजांत चार इंचापेक्षा कमी अंतर ठेवा, नाहीतर डोकं अडकतं.

जालना_रोड (छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही दोघींना मे महिन्यात घरी आणताय, म्हणजे कूलर लागलेला असणार. आमचा मुलगा पंधरा महिन्यांचा आहे, त्याला कूलरच्या जाळीत बोट घालायचं वेड आहे. पत्र्याचा कूलर, खाली पाणी सांडलेलं, अनवाणी लेकरू. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं शॉक लागल्याची बातमी असतेच.

वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. नुसतं तीन पिनांचं बटण असून भागत नाही, जुन्या घरात त्या तिसऱ्या पिनेला मागं तार जोडलेलीच नसते. मीटरपाशी विजेची गळती पकडणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्या, शॉक बसताच वीज तुटते. पाणी भरताना पिन काढूनच भरायचं. जमलं तर कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर लावा, आत फक्त वारा येतो.

पाणी तापवायचा रॉडही बंद करा. बादलीत रॉड टाकून आपण दुसऱ्या कामाला जातो, त्यात शॉकही आणि भाजणंही. भाजलं तर ताबडतोब साधं पाणी, वीस मिनिटं. नळ नसला तर पिंपातलं तांब्यानं ओतत राहा, त्या दिवशी पाण्याची काटकसर बघू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावायचं नाही.

अंगणवाडीताई (परभणी)

पाण्याचं सगळ्यांनी छान सांगितलं. मी ताटाचं सांगते, कारण माझा रोजचा झगडा तिथं आहे.

वर्षानंतर लेकराचं वजन हळू वाढतं. पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होतं, पुढचं अख्खं वर्ष त्याला चौपट व्हायला लागतं. भूकही तशीच कमी-जास्त होते. इथंच घरातले घाबरतात आणि जे खाईल ते द्यायला लागतात, आणि जे खाईल ते म्हणजे चहा-बिस्कीट. आमच्याकडं सकाळी आजोबांच्या बशीतला चहा लेकराला, त्यात खारी किंवा टोस्ट. पोट भरल्यासारखं होतं, दुपारपर्यंत जेवत नाही. वर चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. एवढुशी पांढरी पडलेली बोटं मी रोज बघते. आजोबांचं प्रेम खोटं नाही, पण बशी खाली ठेवायला सांगा.

दूधही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढं नको, नाहीतर लेकरू दुधावरच राहतं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू द्या. १ ते २ वर्षांच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा जेवण, प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी, अडीचशे मिलीची, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. आपल्याकडं सगळं आहे: ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून वर तूप, मुगाची खिचडी, तांदूळजा, करडईची भाजी बारीक चिरून, अंडं, दाण्याच्या कुटाचा लाडू मऊ करून. वेगळं रांधायची गरज नाही. घरचं कालवण तिखट घालण्याआधी तिच्या वाटीत काढायचं.

शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, हुरडा अख्खे देऊ नका, चार-पाच वर्षांपर्यंत. ते श्वासनळीत जातात. चटणी करून, कूट करून द्या.

लेकीचं नाव जवळच्या अंगणवाडीत घाला, शहरात असलात तरी. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो, दर महिन्याला वजन होतं. आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. जंताची गोळी वर्षाच्या पुढं अर्धी, दोन वर्षांपुढं एक, चुरून पाण्यातून. जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस नऊ महिन्यांना झाला असेल, दुसरा १६ ते १८ महिन्यांत, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षं होईतो.

तेरणेकाठची (धाराशिव)

ताईंचं बरोबर, पण चहा बंद करा हे सांगणार कोण? आमच्या घरी मी सून, सांगितलं तर ‘आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का’ ऐकावं लागतं. मांजराकाठ भाऊ, हे काम तुमचं आहे. तुमचे आई-बाप आहेत. बायको शाळेतून दमून आल्यावर तिनं मामंजींशी चहावरून बोलायचं, असं होऊ देऊ नका. ती यायच्या आधीच बोलून घ्या. तीन-चार गोष्टी पक्क्या करा, बाकी सगळ्यात आजी-आजोबांना मोकळं सोडा. मालीश कोणत्या तेलानं, झबलं कोणतं, दृष्ट काढायची का, यात तुम्ही पडू नका. काजळ मात्र डोळ्यात नको, फार वाटलं तर तळपायाला तीट लावा.

मोबाईलचं तसंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, पुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत. पण आजोबांना नुसतं ‘देऊ नका’ म्हणून चालत नाही, मग दुपारी दोन ते चार त्यांनी काय करायचं? बाहेर ऊन असतं, खाली नेता येत नाही. आम्ही एक टोपली केली: वाट्या, चमचे, डब्यांची झाकणं, लाटणं, चिंध्यांचा चेंडू. ती फक्त दुपारीच निघते. सासरे आमच्या लेकीशी बोलत बसतात, शेळ्यांच्या, एसटीच्या गोष्टी सांगतात. दोन वर्षांची होईतो ती ‘एसटी गेली’ म्हणायला लागली होती.

मांजराकाठ (लातूर)

ताई, मनाला लागलं. रविवारी बाबांशी बोलतो. वॉकरचं एक विचारायचं होतं. मेहुण्यांनी आणून ठेवलाय, चाकांचा, आत बसवायचा. आई म्हणते त्यात बसली की मला उसंत मिळेल.

गोदाकाठ (नांदेड)

परत करा. लेकरू क्षणात उंबरठ्यापाशी, जिन्यापाशी, चुलीपाशी पोचतं, आणि त्यात बसून चालणं लवकर येतही नाही. कॅनडात २००४ सालापासून वॉकर विकायला बंदी आहे.

पांगुळगाडा चालेल. सुताराकडून तीन चाकांचा लाकडी करून घ्या. त्यात लेकरू उभं राहून स्वतःच्या पायावर ढकलतं, वजन स्वतः पेलतं. अंगणात, कुणीतरी जवळ असताना. आईंना उसंत हवी हे खरंच आहे. त्यासाठी दुपारी दोन तास कुणी मदतीला मिळतं का बघा, तेवढा पैसा सार्थकी लागेल.

अठरा महिन्यांपर्यंत चालली नाही, किंवा दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडत नसेल, नावानं हाक मारली तर बघत नसेल, तर ‘आमच्यात मुलं उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तपासणी मोफत होते. घाबरवायला सांगत नाही. लवकर गेलेल्या लेकरांत फरक पडतो, तो मी बघत आलेय.

काळी_माती (हिंगोली)

शेतावरच्या घराचंही लिहितो, सुट्टीत तुम्ही गावाकडं जाणारच.

फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. मूळ डबा सोडून दुसऱ्या कशात काढायचं नाही आणि घरात ठेवायचं नाही, गोठ्यातल्या वरच्या फळीवरही नाही, कुलपात. धान्यात घालायच्या गोळ्या तर त्याहून भयंकर. त्यांचा वायू होतो, वास येईल न येईल, आणि त्याच खोलीत लेकरू झोपलेलं असतं. गहू-ज्वारीच्या कणग्या असलेल्या खोलीत गोळ्या घातल्यावर कुणी झोपू नये. कधी काही पोटात गेलंच तर उलटी काढायला मीठपाणी पाजू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना.

विंचवाचं. दगडी भिंती, लाकडाचा ढीग, कडब्याची गंजी, तिथं तो असतोच. लेकराचं अंथरूण भिंतीपासून लांब, जमिनीवर नको, बाजेवर मच्छरदाणी खोचून. कपडे-बूट झटकूनच घालायचे. चावला तर चिरा, आवळपट्टी, झाडपाला यात वेळ घालवू नका. मोठ्याला बऱ्याचदा नुसती वेदना होते, लहानग्याचं हृदय विषाच्या तडाख्यात सापडतं. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर जराही उशीर न करता दवाखाना गाठायचा. याच्यावर प्राझोसिनची साधी गोळी काम करते. हे दाखवून दिलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, काम महाडला केलं, पण माणूस आपल्या जालना जिल्ह्यातला. मला त्याचा अभिमान वाटतो.

बालाघाट (बीड)

मी हे सगळं वाचायलो. आम्हाला हौद नाही, कूलर नाही, म्हणून लिहावं का नाही असं झालं. पण लेकरू आमचंबी आहे.

मी आणि घरवाली कोयत्यावर, म्हंजी ऊस तोडायला, जातोत, दसऱ्यानंतर. मागल्या साली ती बाळंतीण होती म्हणून घरीच राहिली, यंदा मुकादमाकडून उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घेतलीय, जावंच लागतंय. पोरगा तवा चौदा महिन्यांचा होईल, चालता. माय गावाकडं ठेवा म्हणते, पण त्याला अजून अंगावरचं दूध आहे. पहाटं चारला उसाच्या फडात जायचं, थंडी असती. कोपीत, आमच्या झोपडीत, एकटं ठेवता येत नाही, फडात न्यावं तर ट्रॅक्टर मागं-पुढं करतात. उसाच्या वाळल्या पाचटात झोपलेलं लेकरू ड्रायव्हरला दिसत नाही. असं झालेलं आमच्या टोळीतल्या लोकांनी बघितलंय. आम्ही काय तयारी करावी ते सांगा. आणि त्याचं सुईचं काय, ते पुढं मधातच येतंय.

जालना_रोड (छत्रपती संभाजीनगर)

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. हा धागा तुमचाही आहे.

गोदाकाठ (नांदेड)

त्याला गावी ठेवून दूध तोडायची घाई करू नका. शक्य असेल तर आईंनाच सोबत न्या. टोळीत तुमच्यासारखी दोन-तीन लेकरं असतीलच. सगळ्यांनी मिळून एक म्हातारं माणूस लेकरांसाठी ठेवायचं, हे मुकादमाशी आत्ताच बोला, उचलीचा हिशोब चालू आहे तोवर. फडावर गेल्यावर कुणी ऐकत नाही. लेकरं बसायची जागा ट्रॅक्टरच्या वाटेपासून लांब, झाडाखाली, लाल कापड बांधून ठरवा, आणि ड्रायव्हरला रोज सकाळी दाखवा. पाचटात झोपवायचं नाहीच, झोळी बांधा. चूल कोपीबाहेर दगडांचा आडोसा करून, पाण्याचं ड्रम झाकणाचं.

जुलाब लागले तर ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी-अर्धी नाही, आणि झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईंकडून आधीच घेऊन ठेवा.

अंगणवाडीताई (परभणी)

भाऊ, सुईचं मी सांगते. सोळा ते चोवीस महिन्यांत त्याला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा डोस घ्यायचाय. म्हणजे तुमच्या हिशोबानं संक्रांतीच्या आसपास, तुम्ही कारखान्यावर असताना वेळ सुरू होईल. गावाकडं परत यायची वाट बघायची गरज नाही. सरकारी लस महाराष्ट्रात कुठंही, कुठल्याही उपकेंद्रात फुकट मिळते, रेशनकार्डाचा पत्ता कोणी विचारत नाही. फक्त माता-बाल संरक्षण कार्ड जवळ पाहिजे. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, कोपीत भिजतं. दोन्ही पानांचा फोटो तुमच्या आणि घरवालीच्या फोनमध्ये काढून ठेवा.

निघण्याआधी तुमच्या अंगणवाडीत सांगून जा की आम्ही अमुक गावाला चाललोत. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाईल ॲपवर, त्याचं नाव तिकडच्या अंगणवाडीत हलवता येतं, मग आहार आणि वजन तिकडं चालू राहतं. पोचल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी तिथली आशा कोण ते विचारून नंबर घ्या. जाताना दंडाचा घेर मोजून घ्या, पट्टीवर साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग असतो. पिवळ्यात आला तर तिकडच्या ताईला लगेच दाखवा. तिथं कुणी परत पाठवलं, तर इथं त्या गावाचं नाव लिहा. आमच्या ताई सगळीकडं आहेत, मी फोन करून शोधते.